गोळ्यांचे सारखे वाटे

२० नोव्हेंबर १९६३, देवबाग

आजपासून रोजनिशी. ही माझ्यापुरती आहे. हे गेल्यापासून घरात बोलायला लेक सुगंधा तेवढी उरली, आणि तिला दमा. चार वाक्ये बोलली की पाचव्याला धाप. म्हणून म्हटले, कागदाशी बोलावे. कागदाला धाप लागत नाही.

कारणही मोठे आहे. मुंबईच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातले डॉक्टर होडीने आले. एक नाही, चार. छातीचे, कान-नाक-घशाचे, कातडीचे आणि हृदयाचे. चौघे मिळून एका दम्याच्या मागे लागले आहेत. नवी गोळी निघाली आहे, तिच्यावर रिसर्च. शाळेत वाडीतल्या दमेकऱ्यांना ओळीने बसवून तपासले. सुगंधाचे नाव घेतले.

मोठे डॉक्टर सबनीस छातीचे. त्यांनी विचारले, घरीच असणारे आणि वाचता येणारे कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. नावे लिहिलेल्या बाटल्या माझ्याकडे राहणार. दमेकऱ्यांनी रोज सकाळी माझ्या पडवीत येऊन गोळी घ्यायची.

म्हणजे देवबागचा रिसर्च माझ्याकडे आला.

संकल्प: रोज पाच इंग्रजी शब्द. चहा एकदाच. लोकांच्या कामात नाक खुपसायचे नाही, हुद्द्याला शोभत नाही.

२१ नोव्हेंबर

चहा दोनदा झाला. डॉक्टरांना एकटे कसे प्यायला लावायचे?

कातडीच्या डॉक्टरांनी प्रत्येकाच्या हातावर बारीक सुया टोचून धूळ, मांजराचे केस, सुकी मासळी वगैरे लावून बघितले. राधाबाईच्या हातावर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, गांधी उठली. डॉक्टर म्हणाले, हे खायचे नाही. शेजारीण आहे म्हणून सांगते, तिला कोणी काही बंद करू शकत नाही. म्हणाली, "दमो माझ्या छातीत, सुया हातार, आणि बंदी तोंडाक! सुंगटां खाऊची नाय तर मी जगू कित्याक, डॉक्टरानू?" हृदयाचे डॉक्टर हसले. ते सगळ्यात मोकळे होते, कारण त्यांना कोणी पेशंट मिळाला नाही.

फुंकायचे एक यंत्र आहे. फुंकले की काटा फिरतो. लवू दशावतारात राक्षस होतो. गदा घेऊन आरोळी मारणारा माणूस, पण त्याचाही काटा जेमतेम हलला. राधाबाईने पानाची पिंक यंत्रात पाठवली. सुगंधाने फुंकले तेव्हा मी तिकडे बघितले नाही.

३० नोव्हेंबर

काम चोख चालले आहे. डॉक्टर सबनीस जाताना एवढेच म्हणाले, "ज्याची त्याला द्या, एकाची दुसऱ्याला नको." मी म्हटले, मी पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली बाई आहे, नाव वाचायला चुकणार नाही. (खरेच तशी शिकले. वाण्याच्या कागदावर गोष्ट अर्धी असते. वाचन पुष्कळ झाले, शेवट फारसे माहीत नाहीत.)

इंग्रजी शब्द आज दोन. उरलेले तीन उद्यावर.

१२ डिसेंबर

सुगंधा आडवी झोपली.

आजवर ती जात्यावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकून, बसून झोपायची. हेसुद्धा शेवटची दोन वर्षे असेच, त्याच जात्यावर. काल उशी जमिनीवर घेतली आणि पाय पसरून झोपली. सकाळी मी किती वेळ तिच्या पायांकडे बघत उभी होते. चहा गार झाला, म्हणून दुसरा केला. तो पहिल्यातच धरायचा.

लवूलाही गुण आहे. राधाबाई म्हणते, "बरा वाटता, पण बरा नाय." म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. मला वाटते, गोळी देताना मी प्रत्येकाला दोन शब्द धीराचे सांगते, त्याचा परिणाम. डॉक्टरांना कळवायला हवे.

२ जानेवारी १९६४

आरोंद्याहून सुगंधाला स्थळ आले. मुलगा सत्यवान, खाडीच्या तरीवर कारकून. आधीची दोन स्थळे धापेच्या आवाजावरूनच उठून गेली. ही मंडळी फेब्रुवारीत बघायला येणार. तोवर ती कळशी घेऊन धावेल. मला शंका नाही.

हे असते तर म्हणाले असते, घाई नको. म्हणून मी घाई करत नाही. फक्त लुगडे बघून ठेवले.

१६ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. समुद्राचा भरवसा नाही म्हणून पुढच्या तीन महिन्यांच्या बाटल्या आणि वर थोड्या जास्त गोळ्या ठेवून गेले. सुगंधाच्या फुंकण्याने काटा चांगला पुढे गेला. माझ्या हाताला यश आहे.

बरोबर सुनीती नावाची शिकाऊ डॉक्टरीण होती. चहाला बसली (पाहुण्यांचा चहा मोजायचा नाही, हे आता ठरवूनच टाकले). बोलता बोलता म्हणाली, निम्म्या बाटल्यांत खरे औषध आणि निम्म्यांत नुसते पीठ. रंग तोच, कडूपणा तोच. कोणाची कुठली ते तिलाही माहीत नाही, सबनीसांनाही नाही. मुंबईत एकालाच माहीत.

मी विचारले, असे का? ती म्हणाली, "मावशी, माणसाला गोळीने बरं वाटलं की डॉक्टर आले म्हणून बरं वाटलं, हे एरवी कळणार कसं?"

मी मान हलवली. ती गेल्यावर मला बसवेना.

१७ जानेवारी

पीठ! माझ्या पडवीत, माझ्या हाताने, धीराचे दोन शब्द बोलून मी माणसांना पीठ चारते आहे.

आमच्याकडे रापण ओढतात. जाळे किनाऱ्याला लागले की बाबलीतात्या वाळूत मासळीचे वाटे घालतो. जाळ्याला वाटा, दोर ओढणाऱ्याला वाटा. ह्यांना शेवटी दोर ओढवत नव्हता. किनाऱ्यावर बसून नुसते बघायचे. तरी वाटा पूर्ण. हे गेल्यावर मी टोपली घेऊन गेलेच नाही. बाबलीतात्या स्वतः बांगडे घेऊन दारात आला. "घोव गेलो म्हणान वाटो जाता काय गो, यशोदा?" एवढेच बोलला. अजून एकही रापण चुकलेली नाही.

आणि मी, त्या वाट्यावर जगलेली बाई, निम्म्या वाडीला रिकामी टोपली देते.

आता सुगंधाची बाटली कुठली? मी शांतपणे विचार केला. तिला बरे वाटते, खरे. पण मी मांजर बाहेर काढले, सुकी मासळी माळ्यावरून हलवली, रोज गरम पाणी देते. गुण त्याचा असणार. आमच्या घराला खरी वस्तू पहिल्या झटक्यात मिळाली, असे कधी झालेले नाही. तिची पिठाचीच. खात्री आहे.

अर्थात मी सुगंधाचा विचार करत नाही. मी न्यायाचा विचार करते.

१९ जानेवारी

देवाला कौल लावला. देवळात गुरवाकडून लावला तर गावभर होईल, म्हणून घरच्याच देव्हाऱ्यात. देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल लावले. उजवे पडले तर सगळ्या गोळ्या एकत्र करून वाटे घालायचे. डावे पडले तर गप्प बसायचे. दोन्ही पडेनात. माझे पाय आखडले. चूल विझत होती म्हणून जरा पंखा मारला, तेव्हा उजवे पडले.

कौल स्पष्ट आहे.

२० जानेवारी

झाले. सगळ्या बाटल्या स्वच्छ सुपात ओतल्या, बांगड्यांसारख्या वरखाली केल्या आणि सारखे वाटे घालून पुन्हा बाटल्या भरल्या. एका गोळीचाही पक्षपात नाही. आता कोणालाच नुसते पीठ नाही. डॉक्टरांना हे सुचले नाही, कारण ते मुंबईचे. त्यांनी रापण बघितलेली नाही.

आज बऱ्याच दिवसांनी ह्यांच्या फोटोसमोर उभे राहून बोलावेसे वाटले.

संकल्प: हे कोणाला सांगायचे नाही. मोठे काम गुपचूप करावे.

४ फेब्रुवारी

यश! राधाबाईला गुण. तिचा आवाज आता खाडीपलीकडे ऐकू जातो. काल तिसऱ्या घराशी भांडली आणि मध्ये एकदाही थांबली नाही. म्हणाली, "गो यशोदा, गोळयेन आता काम धरल्यान बग!" म्हणजे आधी तिची पिठाची होती. माझा अंदाज बरोबर.

सुगंधाला जरा खोकला. थंडीचा.

१० फेब्रुवारी

काल लवूचा प्रयोग होता. राक्षसाने आरोळी ठोकली आणि मधेच धाप लागून देवाने मारायच्या आधीच खाली बसला. देव गदा उगारून तसाच उभा. लोकांना वाटले राक्षस शरण आला. टाळ्या पडल्या. लवू सकाळी पडवीत रडवेला होता. "काकी, गोळी तीच मा?" मी म्हटले तीच. खोटे बोलले नाही. गोळी तीच आहे, फक्त कुणाची आहे ते सांगता येत नाही.

सुगंधाने उशी पुन्हा जात्यावर ठेवली. मी विचारले तर म्हणाली, "आये, जमनीर गार लागता." असेल. जमीन गार असतेच.

१९ फेब्रुवारी

आरोंद्याची मंडळी आली. सगळे ठीक चालले होते. मी सुगंधाला सांगून ठेवले होते, बसून राहा, हळू बोल, हस. मुलाच्या आत्याने मध्येच म्हटले, "चेडवाच्या हातचा विहिरीचा पाणी पिया." मी उठले तर मला बसवले. सुगंधा कळशी घेऊन गेली. विहीर कितीशी लांब! पण परत येताना माडाला हात धरून उभी राहिली. छातीची शिट्टी पडवीपर्यंत ऐकू आली.

सत्यवान उठला, तिच्या हातातली कळशी घेऊन आला. मला वाटले, जमले! मग सुगंधाच बोलली, तुटक तुटक, "माका दमो आसा. माझी आये सांगूची नाय. म्हणान मी सांगतंय."

आत्याने पाणी न पिताच भांडे खाली ठेवले.

सुगंधावर रागावले. मग रागावणे सोडले, कारण तिला धाप लागली. आत्याबाईंनी पानाबरोबर तंबाखू खाल्ली होती, त्याचा वास तिला बाधला असणार. वाट्यांचा याच्याशी संबंध नाही.

२ मार्च

संबंध नाही, असे मागे लिहिले. आज लिहिते, थोडा असेल.

धोतऱ्याच्या पानांचा धूर दिला. काळी कॉफी दिली. बाबलीतात्याने देवळात गाऱ्हाणे घातले, सगळे मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी सगळ्यात मोठ्याने. सुगंधा जात्यावर कपाळ टेकून बसली आहे आणि तिच्या पाठीचे मणके मला दिसतात. ह्यांचे असेच दिसायचे.

ठरवले: तिला रोज दोन गोळ्या. निम्मी निम्मी मिळून एक पुरी होईल. हिशोब सोपा आहे. तिच्याच बाटलीतल्या देते, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावणार नाही.

११ मार्च

दोन गोळ्यांनी आराम. उशी अजून जात्यावर, पण काल ती हसली. राधाबाई कुंपणावरून कोणाला तरी "तुझ्या बारशाक मी जेवललंय" असे सांगत होती, त्यावर. मी फार हुशारीने मार्ग काढला. सबनीसांना हा दोन गोळ्यांचा शोध कळवायचा. इंग्रजी शब्द आज एकही नाही, पण एवढ्या शोधानंतर चालेल.

२२ मार्च

शिमगा तोंडावर. सकाळी पडवीत यायला कोणाला वेळ नाही. लवू खेळ्यांबरोबर गावोगाव जाणार. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या घरी नेल्या. मी प्रत्येकाला बजावले.

सुगंधाच्या बाटलीत तळ दिसतो. दोन दोन दिल्यावर बाटली अर्ध्या वाटेतच संपते, हे मला आधी दिसले नव्हते. डॉक्टर एप्रिलच्या मध्यावर येणार. लवकरही येतील. मोठी माणसे कधीकधी लवकर येतात.

३ एप्रिल

आले नाहीत. बाटली संपून दिवस झाले. राधाबाईच्या दारापर्यंत गेले. चार गोळ्या मागायच्या, एवढेच करायचे होते. ती चुलीपुढे बसून गाणे म्हणत होती. गाणे! दहा वर्षांत तिच्या तोंडून गाणे ऐकले नव्हते. मी मीठ मागून परत आले.

घरात मीठ होते.

६ एप्रिल

काल सुगंधाचे ओठ निळे झाले. मालवणला न्यायला बाबलीतात्याने होडी काढली. सरकारी डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. वाटेत तिने माझा हात धरला नाही, होडीची फळी धरली. परत आलो. जिवंत आहे. आज एवढेच.

१५ एप्रिल

डॉक्टर आले. आधी चांगले लिहिते: पहिल्यांदा सगळे चांगलेच चालले होते.

सगळ्यांनी फुंकले. सुनीती आकडे वाचत होती, सबनीस कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. म्हणाले, "विचित्र आहे. इथे जानेवारीपर्यंत काही जण स्पष्ट सुधारत होते, काही जण नव्हते. आता एक सुगंधा सोडली तर सगळे मधेच कुठेतरी. सारखेच."

मला वाटले, कौतुकाची वेळ आली. गुप्त ठेवायचे ठरवले होते, पण इतके झाल्यावर कसे राहवेल? मी पुढे होऊन म्हटले, "सारखेच येणार, डॉक्टर. मी वाटे सारखे घातले." सुपाचेही सांगितले. कौलाचे सांगितले, पंख्याचे नाही.

सुनीतीने पेन खाली ठेवले. हृदयाच्या डॉक्टरांनी सबनीसांना पाण्याचा तांब्या दिला. पहिल्यांदाच त्यांना काम मिळाले.

सबनीस ओरडले नाहीत. ओरडते तर बरे झाले असते. म्हणाले, "बाई, पीठ खाणारे कायम पीठ खाणार नव्हते. गोळी खरी ठरली असती तर ती सगळ्यांनाच मिळाली असती. त्यासाठी कोणीतरी थोडे दिवस थांबायचं होतं." मग म्हणाले, आरोंद्याला हेच काम चालू आहे, ते राहील. देवबाग वगळावे लागेल. गोळी बाजारात नाही. यायला वर्षे लागतील, आलीच तर.

मी विचारले, सुगंधाची बाटली कुठली होती? म्हणाले, मुंबईला विचारून सांगतो, आता लपवण्यासारखे काही राहिलेले नाही.

२ मे

सबनीस एकटेच आले, उरलेल्या गोळ्या परत न्यायला. पडवीत बसले नाहीत. उभ्यानेच सांगितले.

सुगंधाची खरी होती. पहिल्या दिवसापासून. लवूचीही.

मी म्हटले, मग तिला तेवढी एक बाटली द्या. पाया पडायला गेले. त्यांनी मला धरून उठवले. म्हणाले, गोळी गोळीचा हिशोब आहे, माझ्या हातात नाही. मुंबईला आणून दाखवा, काय करता येईल ते बघू. मग सुगंधाच्या पाठीला नळी लावून खूप वेळ ऐकत बसले. तेवढा वेळ घरात मीही तिचाच श्वास ऐकत होते. मला नळी लागत नव्हती.

मग ते दारोदार गोळ्या मागायला गेले. राधाबाई म्हणाली, "संपल्यो ओ, डॉक्टरानू, शपथ." लवू म्हणाला, बाटली खाडीत पडली. कोणाचीच एक गोळी उरलेली नव्हती. होडी सुटताना ते मागे वळून बघत होते. मी हात केला नाही.

संकल्प काही नाही.

३ मे

आज रापण लागली. बांगडा बरा होता. बाबलीतात्या वाटा घेऊन दारात आला, आणि त्याच्या मागे सगळे. राधाबाई, लवू, सगळे दमेकरी. प्रत्येकाने कंबरेतून, टोपीतून, पदराच्या गाठीतून गोळ्या काढल्या आणि केळीच्या पानावर ठेवल्या. शिमग्याच्या गडबडीत घ्यायच्या राहिलेल्या, ज्याच्याकडे जेवढ्या उरल्या तेवढ्या.

मी म्हटले, हे काय? माझ्यामुळे तुमचे सगळ्यांचे गेले.

राधाबाई म्हणाली, "गप ऱ्हव गो. माका काय, मी आसंय म्हातारी. चेडवाक दी." तिला बोलताना पुन्हा धाप लागत होती. कालपासून तिने घेतलेली नाही.

बाबलीतात्या म्हणाला, "तुझो वाटो." आणि बांगडे ठेवून गेला.

७ मे

पानावर गोळ्यांचा केवढा ढीग आहे. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या कडू. उजेडात धरून बघितल्या. पाण्यात टाकून बघितल्या. जिभेवर ठेवून बघितल्या. निम्म्या खऱ्या आहेत. माझ्या हाताने सारख्या मिसळलेल्या, त्यामुळे कुठल्या ते देवीलाही सांगता येणार नाही.

रोज संध्याकाळी दोन उचलते. डोळे मिटून उचलते, उघडे ठेवून काही फरक नाही.

आज सुगंधाने हातावर घेऊन विचारले, "आये, आजच्यो खऱ्यो की पिठाच्यो?"

मी म्हटले, "खऱ्या."

तिने पाण्याबरोबर गिळल्या. मग उशी मांडीवर घेऊन बसली. मीही बसले. जमिनीवर ठेवायची की जात्यावर, ते अजून ठरलेले नाही.